हॉलमधली न हलणारी ठमी

एक करून बघाल? जिथे बसला आहात तिथेच बसा आणि मनात शंभर आकडे मोजेपर्यंत अजिबात हलू नका. नाकावर माशी बसली तर बसू दे. वीस-पंचवीसपर्यंत गंमत वाटेल. चाळिशीला पाय खाजेल. साठाच्या पुढे असं वाटू लागेल, की आपल्याला कुणीतरी खोक्यात घालून वर झाकण लावलंय.

आता कल्पना करा, की शंभर आकडे नाही, रोज साडेतीन तास असं बसायचंय. आणि खोकं म्हणजे तुमच्याच घराचा हॉल.

ठमी नऊ वर्षांची होती. शाळेत तिचं नाव वेगळं होतं, पण घरी ठमीच. घरात ती आणि आई, दोघीच. आई एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासायची. ठमी अडीचला घरी यायची, आई सहाला. मधल्या वेळासाठी आईने हॉलच्या कोपऱ्यात, छताजवळ, एक लहानसा कॅमेरा बसवला होता. हॉलमध्ये काही हललं की आईच्या फोनवर सूचना जायची: 'हालचाल दिसली.' सोबत एक फोटो.

हा कॅमेरा कसा बघतो ते आधी समजून घेऊ. तो एक चित्र काढतो, लगेच दुसरं काढतो आणि दोन्ही ताडून पाहतो. फरक दिसला की ओरडतो. हललं ते चोर होतं, पडदा होता, की भिंतीवरचं ऊन, हे त्या बिचाऱ्याला कळत नाही. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एका दुपारी आईचा फोन चौसष्ट वेळा वाजला.

दर वेळी आईने हातमोजे काढायचे, फोन बघायचा, नवे हातमोजे घालायचे. अशाच गडबडीत दोन रुग्णांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्यांची अदलाबदल होता होता राहिली. प्रयोगशाळेच्या मोठ्या बाई म्हणाल्या, "एक तर फोन सांभाळा, नाहीतर रक्त. पंधरा दिवस देते. मग फोन कपाटात."

त्या संध्याकाळी आई आत्याला फोनवर सांगत होती, "फोन कपाटात गेला तर ठमीला एकटी कशी ठेवू? मग तुमच्याकडेच पाठवावी लागेल, शाळाही तिकडचीच बघावी लागेल. काय करू, वन्सं? दिवसभर नुसत्या खोट्या सूचना!"

आत्या प्रेमळ होती. पण तिचं गाव पाच तासांवर होतं. तिकडे गेल्यावर आई भेटणार ती महिन्यातून एकदा. ठमीने दाराआडून सगळं ऐकलं आणि दुसऱ्या दिवसापासून खोट्या सूचनांचा बंदोबस्त करायला घेतला.

आधी तिने पंखा बंद केला. मग पडदा केसांच्या रिबिनीने करकचून बांधला. झाडाची सावली आत येऊन नाचायची, म्हणून खिडकीची दारंही लावली. हॉलचा तवा झाला. पण संध्याकाळी आई म्हणाली, "आज एकवीसच वेळा वाजला गं!"

ठमी विचारात पडली. पडदा बांधलेला, पंखा बंद, खिडकी बंद. मग हे एकवीस कुणाचे? हॉलमध्ये हलणारी एकच गोष्ट उरली होती. ती स्वतः.

मग ठमीने स्वतःलाही आवरलं. भरभर चाललं की फोन वाजतो आणि अगदी सावकाश सरकलं की वाजत नाही, हे तिच्या दोन दिवसांत ध्यानात आलं. भिंतीला पाठ लावून, बोटभर पाऊल टाकत ती स्वयंपाकघरात जायला लागली. जायला नऊ मिनिटं, यायला नऊ. शिंक आली की उशीत तोंड खुपसायची. मैत्रिणी दार वाजवायच्या.

"ठमे, खेळायला ये की!"

ठमी जागची हलायची नाही.

"चपला बाहेर आहेत, म्हणजे आहे ही घरात. शिष्ट झालीये नुसती!"

पायऱ्यांवरून त्यांची पावलं धडधडत खाली जायची. ठमी ती मोजायची. मोजायला हलावं लागत नाही.

एकवीसचे नऊ झाले, नवाचे चार. गुरुवारी तर ठमीने कमालच केली. दार वीतभर उघडून ती आत सरकली, खाली बसली आणि भिंतीकडेने टेबलाखाली पोचली. अकरा मिनिटं लागली. फोन एकदाही वाजला नाही.

तिकडे तीन वाजता आईला बरं वाटलं. साडेतीनला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. पावणेचारला तिने स्वतःच फोन उघडून हॉल पाहिला. हॉल रिकामा. दार उघडल्याची सूचनासुद्धा नाही. म्हणजे पोरगी घरी आलीच नाही! हातातलं काम तसंच टाकून आई धावत सुटली. धापा टाकत दार उघडलं आणि ओरडली, "ठमे!"

टेबलाखालून हळूच आवाज आला, "हळू ये गं आई. फोन वाजेल."

माणूस फार घाबरलं की आधी चिडतं. आई म्हणाली, "लपाछपी खेळायची ही वेळ आहे? माझा जीव अर्धा झाला!" शुक्रवारी मोठ्या बाईंनीही सुनावलं, "काम टाकून पळालात. सोमवारचा दिवस बघते, मग फोन कपाटात."

ठमीला काही सुधरेना. फोन वाजला तरी आत्याचं गाव, नाही वाजला तरी आत्याचं गाव. मग करायचं तरी काय?

शनिवारी आईने कॅमेरेवाल्या काकांना बोलावलं. काका शिडी घेऊन आले. कानावर पेन्सिल, तोंडाने अखंड बडबड. "वहिनी, हा कॅमेरा खिडकीकडे कुणी वळवला? मीच वळवला असेल, दुसरं कोण! थांबा, याचा तापटपणा पण जरा कमी करतो." त्यांनी कॅमेऱ्याची मान फिरवली, आईच्या फोनवर काहीतरी खालीवर केलं आणि खाली उतरून म्हणाले, "हं, छोट्या बाई, या दारापासून त्या दारापर्यंत चालून दाखवा. बघू साहेबांना दिसतंय का."

ठमी निघाली. भिंतीला पाठ, बोटभर पाऊल. फोन गप्प.

काकांनी कॅमेऱ्यावर टिचकी मारली, तापटपणा थोडा वाढवला. "पुन्हा चाल बघू."

ठमी आणखी आक्रसली. फोन गप्पच.

"अहो, मघाशी माशी उडाली तर बोंबलला आणि ही एवढी पोरगी त्याला दिसेना? ठार आंधळा निघाला की!" असं म्हणत काका वळले आणि पहिल्यांदाच फोनकडे न बघता ठमीकडे बघत राहिले. मग हळू आवाजात म्हणाले, "बाळ, तू रोज अशीच चालतेस?"

ठमीने मान हलवली. तीही सावकाश.

आई हसायला लागली होती. तिचं हसू तिथेच थांबलं. "असं का गं?"

"मी हलले की खोटी सूचना जाते. मग मोठ्या बाई ओरडतात. मग मला आत्याकडे जावं लागणार."

"अगं, मी पडद्याला खोटं म्हणत होते! तुला नाही."

"फोनला कुठे कळतं?" ठमी म्हणाली.

काकांनी शिडी भिंतीला टेकवली आणि फोन ठमीच्या हातात दिला. त्यावर अख्खा हॉल दिसत होता. "इथे बोटाने चौकट काढ. चौकटीच्या आत काही हललं तर तो ओरडेल. बाहेर तू नाचलीस तरी गप्प. कुठे काढायची, तू ठरव."

ठमीने दाराभोवती चौकट काढली. बस, तेवढीच.

"सोफा तरी घे आत," आई म्हणाली. "टेबल घे. दिवसभर तू मला दिसायला नको का?"

"मग मी हलू कधी?"

आईने फोन हातात घेतला. तिचं बोट सोफ्यावर गेलं, तिथेच रेंगाळलं. एकटी पोर, बंद घर, हातात दुसऱ्यांचं रक्त. आईचंही एक खोकं असतं बरं का, ते आपल्याला दिसत नाही एवढंच. शेवटी तिने सोफ्यावरचं बोट उचललं आणि ठमीची चौकट होती तशी कायम केली.

"सोमवारी अडीचला एकदा वाजेल," आई म्हणाली. "मी एकदा हातमोजे काढीन, तुला बघीन. मग तू आणि तुझा हॉल. मोठ्या बाईंना मी सांगते."

"आणि आत्या?"

"आत्याकडे आपण दोघी जाऊ. सुट्टीत."

काका म्हणाले, "आता पुन्हा चालून बघ. सरळ, मधून."

ठमी भिंतीला पाठ लावून उभी राहिली. पाऊल उचललं आणि तसंच धरून ठेवलं. कुणी तिला घाई केली नाही. मग ती भिंतीपासून सुटली, सरळ बाहेर गेली, दार लावलं आणि दार ढकलून आत आली. आईचा फोन वाजला.

"आलीस?" आईने विचारलं.

"आले."

ठमी वळली आणि पुन्हा बाहेर गेली. पुन्हा आत आली. फोन वाजला.

"आलीस?"

"आले!"

काका शिडी खांद्यावर घेऊन दाराशी ताटकळत उभे राहिले, कारण ठमी तिसऱ्यांदा बाहेर निघाली होती, आणि या वेळी पळत.