हिरव्या रांगेतून पडलेली पट्टी

मी एक नावाची पट्टी बोलतेय. वीतभर लांब, दोन बोटं रुंद आणि पाठीला लोहचुंबक. माझ्या अंगावर काळ्या शाईत एकच आडनाव लिहिलेलं आहे, प्रूइट. शाई आता फिकट झाली आहे. तरी एक माणूस ते नाव रोज वाचतो.

माझा जन्म एरी सरोवराकाठच्या एका फुटबॉल संघाच्या सामानखोलीत झाला. हा चेंडू छातीशी कवटाळून पळायचा, एकमेकांना धडकून पाडायचा फुटबॉल. शिरस्त्राणं, बूट, टॉवेल सगळं सांभाळणारा कॅझ नोवोटा साठीला आलेला होता. चुंबकाच्या लांब पट्ट्यातून तो कात्रीने तुकडे कापायचा, वर पांढरी चिकटपट्टी लावायचा आणि तिच्यावर खेळाडूचं आडनाव लिहायचा. मी त्या पट्ट्याचा शेवटचा तुकडा. माझी एक बाजू जन्मापासूनच लुळी होती. कॅझला वस्तू टाकवत नसे, म्हणून मी राहिले.

सामानखोलीबाहेरच्या भिंतीवर एक लोखंडी फळा होता. त्यावर दोन रांगा होत्या. हिरव्या रांगेत संघातले त्रेपन्न जण आणि लाल रांगेत जखमी राखीव यादीतले. संघातून काढलेल्यांसाठी रांग नव्हती. त्यांच्या पट्ट्या कॅझ बिस्किटांच्या जुन्या डब्यात टाकायचा आणि पुढच्या उन्हाळ्यात वरची चिकटपट्टी सोलून नवं नाव लिहायचा. प्रूइटच्या आधी माझ्यावर तीन नावं होऊन गेली. ते तिघंही संघातून गेले आणि त्यांच्याबरोबर मी डब्यात पडले. डब्यात अंधार असतो. बाकीच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट चिकटून झोपतात. माझी पकड कमी, म्हणून मी तळाशी एकटीच असायचे.

मग एल्डन प्रूइट आला.

तो मिसिसिपीचा. तीन वर्षं वेगवेगळ्या संघांच्या दारातून परत गेलेला. बाकी सगळे कॅझला नुसतं "कॅझ" किंवा "ए म्हाताऱ्या" म्हणायचे. एल्डन "मिस्टर कॅझ" म्हणायचा. एके दिवशी सराव संपल्यावर त्याने सामानखोलीतल्या छोट्या शेगडीवर पातेलं चढवलं.

"हे काय शिजवतोयस रे? मोज्यांचा वास कमी पडला होता का इथं?" कॅझ म्हणाला.

"शेंगा आहेत, मिस्टर कॅझ. आईनं पाठवल्यात. मिठाच्या पाण्यात उकडायच्या."

"शेंगा भाजतात पोरा, उकडत नाहीत."

"एक खाऊन बघा, मग बोला."

कॅझने एक खाल्ली. मग दुसरी खाल्ली. मग खुर्ची पातेल्याजवळ ओढली.

त्या उन्हाळ्यात एल्डन असा पळाला की, प्रशिक्षक टिल्मन यांनी स्वतः मला उचलून हिरव्या रांगेत लावलं. एल्डन येता-जाता फळ्यासमोर थांबायचा. मला हात लावायचा नाही, नुसता बघायचा. इतक्या प्रेमाने माझ्याकडे आधी कोणीच पाहिलं नव्हतं.

ऑगस्टच्या शेवटच्या सराव सामन्यात त्याचा गुडघा दुखावला. डॉक्टर म्हणाले, आठ आठवडे.

इथे नियम सांगायला हवा, कारण पुढचं सगळं भांडण त्याच्यावरूनच झालं. ऑगस्टअखेरीस एका ठरलेल्या दिवशी दुपारी चार वाजता प्रत्येक संघाला आपल्या त्रेपन्न जणांची यादी पाठवावी लागते. त्या वेळी जो लाल रांगेत असेल, त्याचं पूर्ण वर्ष गेलं. गुडघा बरा झाला तरी तो खेळू शकत नाही. पण जो चार वाजता हिरव्या रांगेत असेल आणि दुसऱ्या दिवशी लाल रांगेत जाईल, त्याला आठ आठवड्यांनी परत येता येतं. ही सवलत त्याच वर्षी सुरू झाली होती. त्याआधी लाल म्हणजे लाल.

टिल्मन एल्डनला फळ्यासमोरच म्हणाले, "एक रात्र तुला हिरव्यात ठेवतो. तुझ्या जागेसाठी गॅरिटीला एका दिवसापुरता बाहेर काढतो, तो जुना खेळाडू आहे, समजून घेईल. उद्या तू लाल रांगेत. नोव्हेंबरात मैदानावर. शब्द देतो."

"एवढंच पाहिजे होतं, सर," एल्डन म्हणाला. कुबड्यांवर उभा असूनही तो हसत होता. तो तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होता. त्याच्या खेळात अठ्ठावीस म्हणजे शेवटची पायरी.

कॅझ तेव्हा धुलाईयंत्रांच्या घरघरीत होता. त्याने हे ऐकलं नाही. पायांना पट्ट्या बांधणाऱ्या माणसाकडून त्याला इतकंच कळलं की, प्रूइट लाल रांगेत जाणार.

यादीच्या दिवशी दुपारी पावणेतीनला कोणीतरी बाहेरचा दरवाजा धाडकन लावला. फळा हादरला. बावन्न पट्ट्या जागच्या हलल्या नाहीत. मी घसरले. लुळ्या बाजूने आधी, मग सगळीच. फरशीवर पालथी पडले आणि हिरवी रांग वर राहिली.

कॅझ टॉवेलांचा ढीग घेऊन आला. मला पाहून थांबला.

"अरे एल्डन, जमिनीवर काय करतोस?" तो म्हणाला आणि कंबर धरून वाकला.

मला हातात घेऊन त्याने फळ्याकडे पाहिलं. तीस वर्षं त्याने जखमी खेळाडूंची नावं यादीच्या दिवशी लाल रांगेत जाताना पाहिली होती. त्याने मला लाल रांगेत लावलं. पुन्हा पडू नये म्हणून अंगठ्याने दोनदा दाबलं, अगदी मायेने. मी ओरडले असते. पट्टीला तोंड असतं तर.

तीन वाजता कचेरीतली रोझलिन वही घेऊन आली. दरवर्षी ती फळ्यावरूनच यादी उतरवायची. हिरव्या रांगेत बावन्नच भरले. तिने टिल्मनना फोन लावला.

"सर, एक कमी पडतोय." ती ऐकत राहिली. "गॅरिटीला ठेवू? बरं. नाही, बाकी सगळं फळ्यावर आहे तसंच."

टिल्मन घाईत होते. मोजण्यात आपलीच चूक झाली असेल असं त्यांना वाटलं. लाल रांगेत कोण आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. चारच्या आत यादी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला एल्डन आला. फळ्यासमोर उभा राहिला. हिरव्या रांगेत शोधलं. मग लाल रांगेत मी दिसले.

"मिस्टर कॅझ," तो हळूच म्हणाला, "यादी गेली का काल?"

"गेली की. का रे?"

"मला आजच लाल रांगेत जायचं होतं. काल नाही. मला इथं कोणी लावलं?"

कॅझच्या हातातल्या टॉवेलांची घडी अर्धवट राहिली. त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलेल. तो म्हणाला, "मला काय माहीत? वरचे लोक लावतात." आणि घडी पूर्ण केली.

पुढचे दहा आठवडे मी लाल रांगेत काढले. सुरुवातीला तिथे आम्ही चौघी होतो. ज्या नंतर आल्या त्या बऱ्या होऊन हिरव्यात परत गेल्या. मी तिथेच राहिले. एल्डनचंही तसंच. जखमी माणसाशी धडधाकट खेळाडू फार बोलत नाहीत. वाईट वागतात असं नाही. दुखापतीची लागण होईल अशा बेताने जरा बाजूने जातात. जेवणाच्या टेबलावर त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. मग तो ताट घेऊन सामानखोलीत यायचा.

"तुमच्या टिल्मननी शब्द फिरवला," तो शेंगा सोलत म्हणायचा. "गॅरिटी त्यांच्या गावचा. त्याच्यासाठी मला टाकलं. तोंडावर सांगितलं असतं तरी चाललं असतं."

"असेल," कॅझ म्हणायचा. "खा तू." आणि स्वतः एकही शेंग तोंडात टाकायचा नाही.

आठव्या आठवड्याला गुडघा बरा झाला. संघ सरावाहून परतला की, एल्डन रिकाम्या मैदानावर एकटाच पळायचा. खिडकीतून मला तो दिसायचा. या टोकापासून त्या टोकापर्यंत, मग परत. त्याला अडवणारं कोणी नव्हतं, आणि चेंडू फेकणारंही कोणी नव्हतं.

खेळाडूंच्या संघटनेने तक्रार केली. सुनावणी नोव्हेंबरात एका हॉटेलच्या हॉलमध्ये होती. त्या सकाळी कॅझने मला फळ्यावरून काढलं आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. त्याचं काळीज इतकं धडधडत होतं की, मला दरवाजा आपटल्याची आठवण झाली.

आत वाद चालला होता. एल्डनचा वकील म्हणत होता, संघाने फसवलं. टिल्मन म्हणत होते, "मी त्याला हिरव्यातच लावलं होतं. तो लाल रांगेत कसा गेला, देवाशपथ मला ठाऊक नाही." रोझलिन म्हणाली, "मी जे दिसतं ते उतरवते." निवाडा करणाऱ्या वयस्कर बाई सगळं लिहून घेत होत्या.

कॅझ मागच्या दारापाशी उभा राहिला. "बाईसाहेब, मला कोणी बोलावलेलं नाही," तो म्हणाला. "पण तुम्ही ज्याच्यावरून भांडताय ते माझ्या खिशात आहे."

त्याने मला कोपऱ्यातल्या लोखंडी कपाटावर लावलं. सगळे बघत होते. मी क्षणभर धरून राहिले. मग हळूहळू घसरले आणि पडले.

"ही अशी पडते. मी उचलली आणि लाल रांगेत लावली. टिल्मननी नाही, मी. दुसऱ्या दिवशी सकाळी मला कळलं. नोकरी जाईल म्हणून गप्प बसलो."

"दुसऱ्या दिवशी किती वाजता कळलं?" बाईंनी विचारलं.

"नऊला."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "लिहिण्यातली चूक दुसऱ्या दिवशी दुपारी बारापर्यंत कळवता येते, मिस्टर नोवोटा. नियमात आहे. यादी दुरुस्त झाली असती. आता मला काही करता येत नाही."

कॅझला हे माहीत नव्हतं. त्याचा चेहरा मी खालून, गालिच्यावरून पाहिला. नऊ ते बारा. तीन तास. त्या तीन तासांत त्याने चाळीस टॉवेलांच्या घड्या घातल्या होत्या.

बाहेर एल्डन त्याच्यापुढे येऊन उभा राहिला.

"म्हणजे गॅरिटीसाठी मला टाकलं नव्हतं," एल्डन म्हणाला.

"नाही रे पोरा. कोणीच टाकलं नव्हतं."

"पट्टी लावलीत ती चूक होती, मिस्टर कॅझ. ती मी विसरलो असतो. पण रोज माझ्यासमोर बसत होता तुम्ही."

कॅझने मला पुढे केलं. एल्डनने घेतलं नाही.

"तुमच्याकडेच राहू दे," तो म्हणाला. "फक्त हिच्यावर दुसरं नाव लिहू नका."

तो मिसिसिपीला गेला. कॅझची नोकरी गेली नाही. त्याला कोणी फारसं रागावलंही नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. त्या हंगामानंतर त्याने स्वतःहून काम सोडलं.

आता मी त्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या दारावर आहे. दारावर दुसरं काही नाही. माझी पकड आणखी सुटली आहे. दार लागलं की, मी पडते. कॅझ कंबर धरून वाकतो आणि म्हणतो, "अरे एल्डन, जमिनीवर काय करतोस?" पण लगेच लावत नाही. मला हातात धरून तसाच उभा राहतो, जणू त्या पांढऱ्या दारावरही दोन रांगा आहेत आणि योग्य रांग कोणती ते त्याला कोणीतरी सांगायला हवं. दरवर्षी ऑगस्टअखेर तो वर्तमानपत्रातल्या सगळ्या संघांच्या याद्या बोट ठेवून वाचतो. प्रूइट कुठेच नसतो. मिसिसिपीहून शेंगांचं पार्सल येत नाही. शेगडीवरचं ते जुनं पातेलं मात्र त्याने घरी आणून ठेवलं आहे, घासूनपुसून, उपडं.

वाचकहो, माझं एवढंच मागणं आहे. कुणाचं नाव जमिनीवर पडलेलं दिसलं तर उचला, पण कुठे लावायचं ते आधी त्या माणसाला विचारा. आणि चुकून चुकीच्या रांगेत लावलं गेलंच, तर बारा वाजायच्या आत सांगून टाका.

फ्रिजचं दार उघडलं वाटतं. आता लागेल.