तीन फॉर्म आणि एक वही

निवृत्त शिक्षिकाबाईंची इंग्रजी शब्दार्थांची वही बसमध्ये राहिली होती. तीस वर्षांची मेहनत होती तिच्यात, आणि उद्या नातीची इंग्रजीची परीक्षा. वही डेपोतल्या हरवलेल्या वस्तूंच्या खोलीत, कारकुनाच्या कोपराशीच पडली होती. पण कारकून नियमांचा इतका पक्का, की फॉर्म भरल्याशिवाय त्याला समोरची वस्तूही दिसत नसे.

"आजी, वहीचं नेमकं काय करायचंय? रिक्लेम, रिकव्हर की रिट्रीव्ह? तिन्हींचे फॉर्म वेगळे आहेत."

"फरक काय रे त्यांच्यात?"

"ते साहेबांना माहीत. चुकीचा भरलात तर महिनाभर थांबावं लागेल."

"आणि साहेब?"

"महिनाभर रजेवर."

बाई शांतपणे खुर्ची ओढून बसल्या. अशी पोरं त्यांना नवीन नव्हती. "सोपं आहे बाळा. आपलं म्हणून हक्कानं परत मागितलं, की रिक्लेम. गमावलेलं पुन्हा मिळवलं, आजारानंतर तब्येत मिळवतो तसं, की रिकव्हर. राहिलं होतं तिथून जाऊन आणलं, की रिट्रीव्ह."

कारकून पहिल्यांदाच सरळ बसला. "हे लिहून द्याल? साहेबांना दाखवीन म्हणतो."

"लिहिलेलंच आहे. त्या वहीत, बाराव्या पानावर. दे इकडे."

त्यानं कोपराशी पडलेली वही उचलून दिली. बाईंनी तिन्ही अर्थ सावकाश सांगितले, त्याचं उतरवून होईपर्यंत थांबल्या आणि वही पिशवीत टाकून उठल्या.

"पण आजी, तुमचा फॉर्म यातला कुठला?"

"तो तुझा गृहपाठ," म्हणत बाई बाहेर पडल्या.