पोटातच राहिलेला आकडा

मित्रांनो, यकृताचा टणकपणा मोजणारी मी एक जुनी मशीन आहे. जालन्याच्या एका दवाखान्यात असते. माझ्या कामात सुई नाही, घशात नळी नाही. उजव्या बरगड्यांमध्ये मी हलकी टिचकी मारते. यकृत जितकं कडक, तितकी तिची लाट आत वेगानं धावते. त्यावरून आकडा येतो. आकडा मोठा आणि रक्तातल्या प्लेटलेट कमी असल्या, तर अन्ननलिकेतल्या शिरा फुगल्याची भीती असते. त्या फुटल्या की रक्ताची उलटी होते. हे आधीच कळावं, म्हणून मला घडवलं.

मागच्या हिवाळ्यात राधेश्याम नावाच्या आयोजकानं मला आष्टीच्या शिबिरात नेलं. तिथे शिलाईकाम करणारी मेहरुन्निसा आली. सोबत नवरा पाशामियाँ.

राधेश्याम हसत म्हणाला, "किती वर्षांपासून घेताय, बाई?"

खाटेवर झोपलेल्या मेहरुन्निसानं तोंड दुसरीकडे फिरवलं. पाशामियाँ म्हणाला, "आमच्या घरात दारू न्हाई येत, भाऊ. हिला कावीळ झाल्ती, तवापासून थकून राह्यली."

मला त्या हसण्याची शिसारी आली.

आकडा आला अडतीस; निरोगी यकृताचा सातच्या आत असतो. रक्ततपासणीत प्लेटलेट सत्तर हजार, हव्या त्याच्या निम्म्याहून कमी. "चिठ्ठी घरी येईल," म्हणून राधेश्यामनं तिला उठवलं. त्याला पेपरवाल्यांच्या फोटोआधी दोनशे माणसं उरकायची होती.

परतताना जीपमध्ये त्यानं त्याच चिठ्ठ्यांवर भजी खाल्ली. मेहरुन्निसाच्या कागदाला तेलकट बोटं पुसली आणि तो खिडकीतून फेकला. भज्यांच्या तेलाचे डाग माझ्या अंगावरही पडले. किळस आली, पण मला तोंड कुठे आहे?

सोळाव्या दिवशी मेहरुन्निसाला रक्ताच्या उलट्या होत असताना आमच्याकडे आणलं. डॉक्टर अर्पितांनी दुर्बिणीतून फुटलेली शीर बांधली. ती वाचली. मग डॉक्टरांनी मला चालू केलं. अडतीस माझ्या पोटात तसाच होता, तारखेसह.

पाशामियाँ पडद्याकडे बघत राहिला. "मॅडम, हे तवाच कळलं असतं तर?"

"गोळ्या सुरू केल्या असत्या, नाहीतर शिरा आधीच बांधल्या असत्या," त्या म्हणाल्या. "बहुतेक ही वेळ आली नसती."

"मंग आम्हाला सांगितलं का न्हाई कुणी?"

डॉक्टरांनी तो आकडा तारखेसह कागदावर लिहून त्याच्या हातात दिला.

मित्रांनो, माझी धूळ रोज पुसतात, पण पोटातला आकडा माणसाला सांगितलाच नाही, तर त्या पुसण्याचा उपयोग काय? कधी अशा मशीनखाली झोपलात, तर आकडा ऐकल्याशिवाय खाटेवरून उठू नका.