दोनशे दहा चिंचोके

प्रफुल विहिरीला वळसा घालून शेळीच्या गोठ्यामागे गेला, तसं केसरबाईने इकडेतिकडे पाहिलं, सुपातले दोन चिंचोके उचलले आणि हळूच वाटीत टाकले. एका फेरीला एक, असं ठरलेलं होतं. पण लेक शेहेचाळीस वर्षांचा, सकाळपासून उपाशी, घामाने निथळलेला. कोणत्या मायला एकच टाकवेल?

"माय, किती राह्यले?" प्रफुलने पुढच्या फेरीला धापा टाकत विचारलं.

"आलं आता सूप उरकत. पाह्य पाह्य, खाली पाह्य. कोंबडी!"

कोंबडी वाचली. प्रफुल सांदवाडीतल्या वांग्यांच्या वाफ्यांकडे वळला. केसरबाईने आणखी दोन टाकले.

घर, विहीर, गोठा आणि मागची सांदवाडी मिळून एक फेरी बरोबर शंभर मीटरची भरत होती. गोंडपिपरीच्या पंचायत समितीत कारकून असलेल्या प्रफुलने ती ऑफिसातला बांधकामाचा टेप आणून मोजली होती. एकवीस किलोमीटर म्हणजे दोनशे दहा फेऱ्या, म्हणून सुपात दोनशे दहा चिंचोके. सूप रिकामं झालं की धावणं संपलं. मोबाईलवर मोजून पाहिलं होतं, पण घराभोवती फिरणारा माणूस त्या मोबाईलला काही समजेना. पहिल्याच दिवशी त्याने प्रफुलला शेजाऱ्याच्या विहिरीत चार किलोमीटर पळवलं.

आता कोणी म्हणेल, गावाला रस्ता नव्हता का? होता की! चांगला डांबरी होता. पण रस्त्याच्या पलीकडे जंगल होतं आणि जंगलात वाघीण तीन पिल्लं घेऊन राहायला आली होती. एकटं-दुकटं फिरू नका, उजाडल्याशिवाय निघू नका, असं वनखात्याची गाडी भोंग्यावरून सांगून गेली होती. तरी प्रफुल एकदा ऊन वर आल्यावर गेला. समोरून सरपणाला निघालेल्या तिघी बाया येत होत्या. त्यांनी पळत येणारा बाबू पाहिला, कुठी हाये, कुठी हाये म्हणत कुऱ्हाडी टाकल्या आणि मागे फिरून धावत सुटल्या. अहो, नाही हो, धावून राह्यलो फक्त, असं ओरडत प्रफुल त्यांच्या मागे लागला. तो ओरडतोय म्हटल्यावर त्या आणखी जोरात पळाल्या आणि गाव येईपर्यंत त्याला एकही सापडली नाही. तेव्हापासून त्याचा सराव घराभोवतीच चालला होता.

आणि घराभोवती धावायचं म्हणजे घराच्या तावडीत सापडायचं. त्याची बायको साक्षी अंगणवाडीत सेविका. सहा दिवस लोकांची लेकरं सांभाळायची आणि रविवारी घर आवरायला काढायची.

"प्रियाचे बाबा, तिकून येऊनच राह्यले तं बादली आणा."

प्रफुलने बादली आणली. पुढच्या फेरीला शेळीला पाला टाकला. त्याच्या पुढच्या फेरीपासून ओले कपडे दोरीवर घालायचे होते, एका फेरीला एक.

तेवढ्यात फाटकाशी नानाजी येऊन उभे राहिले. शेजारच्या गल्लीतले, घरकुलाच्या यादीत नाव यायची तीन वर्षं वाट पाहणारे.

"जयभीम, प्रफुलबाबू. थोडं काम होतं."

"जयभीम. सांगा ना," म्हणत प्रफुल गेला. परत आला तेव्हा नानाजी म्हणाले, "यादी लागली म्हणे." पुढच्या फेरीला म्हणाले, "त्यात माहं नाव नाई." त्याच्या पुढच्या फेरीला, "माह्या साळ्याचं हाये." मग मात्र त्यांना राहवेना. धोतराचा सोगा खोचून तेही बरोबर धावायला लागले. दोन फेऱ्यांत साळ्याची सगळी कुंडली सांगून झाली आणि तिसऱ्या फेरीला नानाजी केसरबाईच्या खाटेवर आडवे झाले.

"उद्या ऑफिसात या," प्रफुल जाता जाता म्हणाला. "तिथं बसून बोलू."

"हो बाबू. बसूनच बोलू."

साक्षी चहा घेऊन आली. नानाजींना कप दिला, सासूला दिला. "माय, ऊन येऊन राह्यलं तुमच्याकडं," म्हणत तिने सूप आणि वाटी दोन्ही उचलून सावलीत नेऊन ठेवली. सावलीत ठेवताना तिची पाठ सगळ्यांकडे होती. सकाळपासून चौथ्यांदा ऊन आलं होतं.

साक्षीचं एक म्हणणं होतं, आणि ते अख्ख्या सोयऱ्याधायऱ्यांत पाठ झालं होतं: ह्यांचं सारं अर्धंच असते. अंगणाची भिंत अर्धी. न्हाणीघराला अर्धं प्लास्टर. वकिलीची दोन वर्षं, तीही अर्धी सोडलेली. डॉक्टरांनी साखर सांगितली आणि प्रफुलने जेवताना जाहीर केलं की आपण चंद्रपूरच्या अर्ध मॅरेथॉनला नाव दिलं, तेव्हा साक्षीच्या हातातली भाकर खाली पडली. ती पोट धरून हसली. "घ्या! तेही अर्धंच!" दहावीतली लेक प्रियाही हसली. प्रफुलला ते लागलं. त्याच रात्री त्याने ठरवलं, जीव गेला तरी चालेल, ही एक गोष्ट पुरी करून दाखवायची.

त्या रविवारी सूप रिकामं व्हायला दुपारचे बारा वाजले. प्रफुल अंगणातच आडवा पडला आणि आभाळाकडे बघून ओरडला, "एकवीस! एकवीस झाले वो!" केसरबाईने पदराने त्याचं तोंड पुसलं. इतके दोन-दोन टाकूनही सूप एवढं कसं पुरलं, हे तिला काही केल्या उमगत नव्हतं.

पुढच्या शनिवारी दुपारी तो स्पर्धेसाठी चंद्रपूरला मावसभावाकडे मुक्कामाला निघणार होता. ओसरीत बसून बुटांच्या नाड्या काढून धुवायला टाकत होता, तेव्हा प्रियाने वही मिटली.

"बाबा, एक सांगू? रागावू नका. आजी दोन-दोन टाकते. मी खिडकीतून रोज पाहून राह्यली."

प्रफुलने मायकडे पाहिलं. केसरबाई लाखोळीची डाळ निवडत होती. ती जास्तच बारकाईने निवडायला लागली.

"माय?"

"मंग काय करू? डोळ्यांदेखत लेकरू मरून राह्यलं तं काय मोजत बसू?"

प्रफुलने बूट बाजूला ठेवला. म्हणजे एकवीस नव्हतेच. दहा असतील, फार तर अकरा. अर्धेच. तो भिंतीकडे, त्या अर्ध्या भिंतीकडे बघत राहिला.

"मी नाई जात," तो म्हणाला. "उगीच तिथं लोकांत फजिती."

साक्षी आतून आली. तिने खुंटीवरचं सूप काढलं, चिंचोक्यांची वाटी घेतली आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवली. मग वाटीतून मूठभर चिंचोके उचलले आणि सुपात टाकले. पुन्हा उचलले, पुन्हा टाकले.

"हे काय?"

"असं," साक्षी म्हणाली. "माय वाटीत टाके, मी सुपात आणो. रोज."

"अवो बाई!" केसरबाईने कपाळाला हात लावला. "मी म्हणो, सूप सरून काऊन नाई राह्यलं! माह्या लेकराले इतकं पळवलं तूनं?"

प्रिया हसून हसून लोळायला लागली. प्रफुलला मात्र हसावं की रडावं कळेना.

"मंग मी धावलो तरी किती?"

"पुरं धावले," साक्षी म्हणाली. "मी पाहत होती." आणि ती त्याची पिशवी भरायला आत गेली.

केसरबाई काही हार मानणारी नव्हती. निघायच्या आधी तिने त्याचा हात धरला. "तिथं तुले कोण मोजन? हे घे. एका किलोमीटरले एक फेकजो. सरले का बसून जाजो, कोणाचं ऐकू नोको." आणि मोठ्याने मोजत त्याच्या तळव्यावर ठेवायला लागली. "दहा, अकरा, बारा, सोळा, सतरा..." एकवीसपर्यंत बरोबर पोचली. प्रफुलच्या हातात अठरा होते. त्याने ते पळायच्या चड्डीच्या खिशात टाकले आणि चड्डी साक्षीकडे दिली. साक्षीने घडी करून पिशवीत ठेवली, वर धुतलेला रुमाल ठेवला.

चंद्रपूरचा रस्ता रुंद होता, वाघीण नव्हती, कोंबड्या नव्हत्या, बादली आणा म्हणणारं कोणी नव्हतं. पहिले पाच किलोमीटर प्रफुलला फार चुकल्याचुकल्यासारखं वाटलं. प्रत्येक पाटीपाशी तो एक चिंचोका रस्त्याच्या कडेला टाकत गेला. बारापर्यंत ठीक होतं. पंधराला गुडघे बोलायला लागले. सतराला एक म्हातारा त्याला राम राम करून पुढे निघून गेला. अठराच्या पाटीपाशी त्याने शेवटचा चिंचोका टाकला, आणि जणू पायांनीही तो पाहिला. पाय थांबले.

तिथे पाण्याचं टेबल होतं. टेबलामागे प्लास्टिकची रिकामी खुर्ची होती. मायचा शब्द होताच: सरले का बसून जाजो.

"बसा भाऊ," पाणी देणाऱ्या बाई म्हणाल्या. "लय थकले तुम्ही. मागून गाडी येऊन राह्यली, बसून जाजा तिच्यात."

प्रफुलने खुर्चीच्या पाठीला हात टेकला. दुसऱ्या हाताने घाम पुसायला रुमाल काढला. रुमालाच्या टोकाला गाठ होती. घट्ट, दोनदा मारलेली, साक्षी अंगणवाडीच्या किल्ल्या पदराला बांधते तशी. बोटांनी सुटेना. त्याने दातांनी सोडवली.

आत तीन चिंचोके होते.

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मग एकटाच हसायला लागला, इतका की पाणी देणाऱ्या बाई घाबरल्या.

"काय झालं भाऊ? बसता ना?"

"बसतो ना बाई," प्रफुल म्हणाला आणि मूठ मिटून रस्त्याला लागला. "तीन राह्यले अजून."