गुडघा, डावा, नग एक

आमच्या शेजारच्या ठीकठाकचा डावा गुडघा बावीस वर्षांपूर्वी ड्युटीवर असताना उलटलेल्या ट्रकखाली सापडला. तेव्हापासून तो असा वाजायचा, की हा सकाळी उठला की गल्लीतली कुत्री दचकून उभी राहायची. मी थोडं वाढवून सांगतो हे खरं. पण कुत्री उभी राहायची.

गुडघा बदलायलाच हवा होता. माजी सैनिकांचं कल्याण कार्यालय ऑपरेशन करून देतं, फक्त त्याआधी वैद्यकीय मंडळानं कागदावर ‘गरज आहे’ एवढं लिहावं लागतं. ठीकठाक दोनदा मंडळापुढे जाऊन आला आणि दोनदा फाईल परत आली. शेरा एकच: अर्जदाराची काही तक्रार नाही.

यात लिहिणाऱ्याचा दोष नव्हता. मंडळावरचा डॉक्टर फौजेतला, खांद्यावर फीत. त्यानं विचारायचं, काही तक्रार? यानं टाचा जुळवून म्हणायचं, सर्व ठीक, साहेब. पंचवीस वर्षं रोज सकाळी रांगेत उभं राहून हेच उत्तर दिलेलं. ते जिभेवरून उतरून हाडात जाऊन बसलं होतं. म्हणून तर आम्ही त्याला ठीकठाक म्हणायचो.

त्याच्या बायकोनं, म्हणजे आमच्या वहिनींनी, स्वयंपाकघरात महिनाभर त्याची तालीम घेतली. नाकावर चष्मा ठेवून त्या डॉक्टर व्हायच्या आणि हा पोपटासारखा बोलायचा: जिना चढवत नाही, मांडी घालवत नाही, झोप लागत नाही. वहिनी खूश. मग मी गंमत म्हणून माझी जुनी फौजी टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली. टोपी दिसली मात्र, हा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, सर्व ठीक, साहेब. वहिनींनी टोपी खिडकीतून बाहेर भिरकावली. ती अजून सापडलेली नाही.

“भाऊजी,” त्या मला म्हणाल्या, “हे तिसरं बोलावणं आणि शेवटचं. आता परत पाठवलं तर फाईल कायमची बंद. तुम्ही सोबत चला, नाहीतर यांचा दुसरा गुडघा मीच फोडीन.”

मंडळ तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टवर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी. पाटीचीच दुरुस्ती करायची वेळ आली होती. ठीकठाक इस्त्रीचा शर्ट घालून, कठड्याला हात न लावता, दात आवळून सहासष्ट पायऱ्या चढला आणि वेळेआधी वीस मिनिटं हजर झाला. वर बसलेल्या कारकुनानं वहीत लिहिलं: जिन्यानं, आधाराशिवाय आले. मी म्हटलं, अहो, लिफ्ट बंद आहे म्हणून. तो म्हणाला, लिफ्टसाठी रकाना नाही. वहिनींनी कपाळाला हात लावला.

बाकावर बसल्या बसल्या माझ्या डोक्यात प्रकाश पडला. याच्याच पलटणीत मी अठरा वर्षं स्टोअर सांभाळलं आहे. आमचा सैनिक स्वतःबद्दल तक्रार करणार नाही, पण मोडकं सामान कधी लपवणार नाही. तो गुन्हा. मी त्याच्या कानाशी लागलो. “हे बघ, तक्रार करूच नकोस. गुडघा सरकारी कामात मोडला ना? मग मोडक्या सामानाचा रिपोर्ट दे.”

त्याची पाठ बाकावरच ताठ झाली.

आत गेल्यावर डॉक्टरनं विचारलं, काही तक्रार? नाही, साहेब, म्हणाला. वहिनींनी डोळे मिटले.

“मोडक्या सामानाचा रिपोर्ट आहे, साहेब. गुडघा, डावा, नग एक. ट्रकखाली सापडून नादुरुस्त. अर्धाच वाकतो. भार घेत नाही. पायरीवर अचानक सुटतो. तीन तासांच्या वर झोपू देत नाही. तात्पुरती दुरुस्ती चार वेळा झाली. वापरास अयोग्य. बदली मिळावी.”

डॉक्टरनं एकदा मान वर करून पाहिलं, मग शब्दन् शब्द उतरवून घेतला आणि खाली लिहिलं, गरज आहे. बाहेर येऊन वहिनी हसल्या आणि तिथेच जिन्यात रडल्याही.

तीन आठवड्यांनी पत्र आलं. ‘नग एक’ वाचून कुणा शहाण्यानं ती फाईल हॉस्पिटलऐवजी थेट स्टोअरकडे धाडली होती. बदली मंजूर. मात्र जुना नग स्टोअरमध्ये जमा करून त्याची पावती जोडावी, त्याशिवाय नवा मिळणार नाही.

मला हसायचीही सोय नव्हती. हाच नियम दाखवून मी अठरा वर्षं पोरांकडून फुटक्या बादल्या जमा करून घेतल्या होत्या. वहिनी माझ्याकडे अशा बघत होत्या, की मीही जमा झालो असतो.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच सहासष्ट पायऱ्या. या खेपेला ठीकठाकनं कठडा घट्ट धरला. प्रत्येक मजल्यावर बसला. कण्हला. मोठ्यानं, कुणाचीही पर्वा न करता. वर पोहोचायला पाऊण तास लागला.

कारकुनानं मान न उचलता विचारलं, काय काम आहे?

ठीकठाकनं पत्र टेबलावर ठेवलं आणि घसा खाकरला.

“माझी तक्रार आहे.”

वहिनींच्या हातातली पिशवी खाली पडली. ती न उचलता त्यांनी आधी त्याच्यासाठी खुर्ची ओढली. कारकुनानं पेन हातात घेतलं आणि एकच ना, म्हणून विचारलं.

“नाही,” पाय लांब करून बसत तो म्हणाला, “बावीस वर्षांच्या आहेत. या पत्रापर्यंत येऊच. पहिली लिफ्टची घ्या. रकाना नसेल तर आखा, मी थांबतो.”