एकशे अठरा नंबरचा अभिप्राय

"हं, पुढचा वाचा, निरुताई," अध्यक्ष मल्हारराव म्हणाले आणि निरुपमा दिघेच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचा अभिप्राय तिचा स्वतःचाच होता.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या त्या मराठी वाचनालयात शनिवारी वाचक मेळावा भरला होता. चाळीस खुर्च्या मांडल्या होत्या आणि चाळीसही भरल्या होत्या. घरोघरी केबल आल्यापासून, म्हणजे गेल्या चार-पाच वर्षांत, इतकी माणसं इथे फक्त चिवड्याच्या आशेनं जमत. आज मात्र कारण खरोखरच पुस्तकाचं होतं. 'सप्तसेतू'चा पाचवा खंड! सात पुलांचं राज्य, राजकन्या रणजा, तिची निळी तलवार. दर खंडात एक पूल जिंकायचा, असे चार खंड झाले होते आणि बडोद्यातल्या मराठी घरांत ते अक्षरशः फाटेपर्यंत वाचले गेले होते. पाचव्यात मात्र रणजा एकही पूल ओलांडत नाही. तलवार खुंटीला टांगते आणि जिनं तिला वाढवलं त्या सावूदाईच्या उशाशी बसते. तीनशे पानं बसते. दाई अंथरुणात झिजत जाते आणि रणजा तिची उष्टी-खरकटी काढते.

झालं! अर्धे वाचक डोळे पुसत होते आणि अर्धे दातओठ खात होते. एका घरात तर सासू एका बाजूला आणि सून दुसऱ्या बाजूला, असं मल्हारराव हसत हसत सांगत होते. लेखक उदयसिंहराव जगदाळे, निवृत्त चित्रकला शिक्षक, पहिल्या रांगेत मांडीवर टोपी ठेवून बसले होते.

या वाचनालयाची एक जुनी रीत होती. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी आखलेला कागद चिकटवायचा आणि वाचकानं त्यावर मत लिहायचं. खाली नाव नाही, फक्त सभासद क्रमांक. गावातली सगळी मराठी घरं एकमेकांची सोयरी, उगाच पुस्तकापायी लग्नं मोडायला नकोत, असा त्यामागचा शहाणपणा. दुसरा नियम, नोकरांनी अभिप्राय लिहायचा नाही. आणि मेळाव्यात ते कागद मोठ्यानं वाचायचे ते काउंटर सांभाळणाऱ्या निरुपमानं, कारण तिचा आवाज खणखणीत. एकोणीस वर्षं ती वाचत आली होती.

तिनं बोटानं आपली ओळ झाकली आणि खालचा अभिप्राय वाचला. "क्रमांक चारशे सात. फार हळवं पुस्तक. माझ्या आईची आठवण झाली."

"ओ निरुबेन!" मागून प्रतापसिंहाचा गुजराती ढंगाचा आवाज आला. हा बाजव्याच्या रिफायनरीत होता, गडी मनाचा साफ, पण तोंडाला लगाम नाही. "वचमांथी, मधलंच एक खाऊन टाकलात ने! ते एकशे अठरावालं वाचा. खरी मजा तर तिथंच छे!"

माणसं हसली. "वाचा की," मल्हारराव म्हणाले. "सरांना सगळं ऐकू दे."

आता धरणीनं पोटात घेतलं तर बरं, असं निरुपमाला वाटलं. धरणी कशाला घेते! ती वाचू लागली. "क्रमांक एकशे अठरा. तीनशे पानं एक म्हातारी मरते आहे आणि तीही धड मरत नाही. लेखक थकला. त्यानं आता लेखणी खाली ठेवावी."

"शाबास!" कोणीतरी म्हणालं. "अहो, शाबास काय?" एक बाई उसळल्या. "ज्यानं घरात दुखणं काढलंय त्याला विचारा!" मग जो गलका झाला, त्यात उदयसिंहराव उठून उभे राहिले ते आधी कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"नंबर कोणता म्हणालात?"

"एकशे अठरा, सर."

"तो आमच्या मंडळींचा नंबर आहे," ते म्हणाले. "कुसुमचा. तिला जाऊन दीड वर्ष झालं. पुस्तक छापून आलं ते त्यानंतर."

वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. मल्हाररावांचा चेहरा लालबुंद झाला. "हा चावटपणा कुणी केला? गेलेल्या माणसाच्या नावावर? हे वाचनालय आहे की काय आहे!" आणि मग सगळ्या माना हळूहळू मागे वळल्या, प्रतापसिंहाकडे. तोच नव्हता का वाचा, वाचा म्हणून मागे लागला?

"अरे, मी नाही यार! आईच्यान नाही!" तो ओरडला. तो उठला, चपला सापडेनात तर नुसताच उंबऱ्यापाशी घुटमळला आणि मग निघून गेला. चिवड्याच्या बश्या तशाच राहिल्या.

निरुपमा कागद हातात धरून उभी होती. बोलायचं होतं ते त्याच क्षणी. ती बोलली नाही.

आता खरं सांगायचं तर ती बाई दुष्ट नव्हती. वासणा भागातल्या दोन खोल्यांत तिनं सहा वर्षं आईचं आजारपण एकटीनं काढलं होतं. भावानं मुंबईहून फोनवर "काळजी घे गं" म्हणायचं आणि हिनं बेडपॅन उचलायचं. त्या सहा वर्षांत तिला कुणी हात दिला असेल तर तो 'सप्तसेतू'नं. आईला पेज भरवून झाली की ही पुस्तक उघडायची आणि घोड्यावर बसून पूल ओलांडायची. आई गेली, त्यानंतर दोन वर्षं तिनं पाचव्या खंडाची वाट पाहिली. नवं कोरं पुस्तक सभासदांच्या आधी, नियम मोडून, घरी नेलं. उघडलं तर आत तीच खोली. तीच पेज, तोच वास. रणजासुद्धा तिथेच बसलेली!

आणि अकरावं प्रकरण. त्यात रणजा दाईच्या तोंडात पाणी घालताना मनात म्हणते, आता सूट बाई, आणि मलाही सोडव. निरुपमानं पुस्तक फाटकन मिटलं. हे वाक्य ती स्वतः मनात बोलली होती, एकदा नाही, शंभरदा. कुणाला सांगितलं नव्हतं. या माणसाला कसं कळलं? दुसऱ्या दिवशी काउंटरवर, दुपारी कुणी नसताना, तिनं डाव्या हातानं तो अभिप्राय लिहिला. क्रमांकासाठी जुनी नोंदवही उघडली. एकशे अठरासमोर बळवंतराव या जुन्या सभासदाचं नाव होतं, आणि ते जाऊन पंचवीस वर्षं झालेली. मेलेल्या माणसाला कोण विचारणार?

पण बडोद्याच्या जुन्या घरांत सभासद क्रमांकही तलवारीसारखा वारशानं जातो, हे तिला सांगायला हवं होतं का? तीच तर ती नोंद ठेवणारी! नव्या वहीत तो क्रमांक बळवंतरावांच्या मुलीच्या, म्हणजे कुसुमच्या, नावावर चढला होता. मुलगी कधी काउंटरवर आलीच नाही, तिची पुस्तकं नवरा आपल्या कार्डावर न्यायचा. निरुपमानं नवी वही पाहिलीच नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

रविवार तिनं कसाबसा काढला. सोमवारी अर्धी रजा टाकून ती विमानतळाजवळ हरणीला गेली. सोसायटीच्या तळमजल्यावर उदयसिंहरावांचं घर होतं. दार उघडंच होतं. ते एकटेच शेंगा सोलत बसले होते.

"या. मल्हाररावांनी पाठवलं का? माफीबिफी नको म्हणावं."

"मीच आले, सर." तिनं खुर्चीला हात धरला, बसली मात्र नाही. "ते मी लिहिलं. प्रतापसिंहानं नाही. मी."

उदयसिंहरावांनी हातातली शेंग खाली ठेवली. निरुपमाला वाटलं, ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मत लिहिलंत ते ठीक," ते शेवटी म्हणाले. "मताला मी भीत नाही. तिचा नंबर का घेतलात?"

"मला ठाऊक नव्हतं, सर. मला वाटलं, बळवंतराव..."

"म्हणजे तिच्या वडिलांचा चालला असता?"

मग तिनं सगळं सांगितलं. आईचं, पेजेचं, अकराव्या प्रकरणाचं. "तिथपर्यंतच वाचलंय मी. पुढचं वाचलंच नाही. आणि न वाचता लिहिलं."

एक विमान इतकं खालून गेलं की खिडकीच्या काचा थरथरल्या. ते गेल्यावर उदयसिंहराव दुसरीकडेच बघत बोलू लागले. "तिच्या उशाशी बसून लिहिला हा खंड. रात्री लिहायचं आणि सकाळी तिला वाचून दाखवायचं. ती म्हणायची, लढाई कधी येणार हो? अकरावं मी तिला वाचून दाखवलं नाही. दहा झाल्यावर थेट बारावं काढलं. तिनं विचारलं, मधलं कुठंय? मी म्हटलं, नंबर चुकला लिहिताना." त्यांनी खाली ठेवलेली शेंग पुन्हा उचलली. "तिला कळलं असणार. फार हुशार होती."

"शनिवारी वाचनालयात सगळ्यांसमोर सांगते, सर," ती म्हणाली. निरुपमाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचीही तिला लाज वाटत होती.

"मी येईन शनिवारी," ते म्हणाले. तिला बसा म्हणाले नाहीत, पाणीही विचारलं नाही.

शनिवारी मेळावा नव्हता, पण बोभाटा झाल्यामुळे माणसं आली होती. निरुपमानं प्रतापसिंहाला रिफायनरीत दोनदा फोन करून मुद्दाम बोलावलं होतं. तिनं तो कागद काढला आणि खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली, पण आवाज कुठला खणखणीत राहतोय! एकशे अठराच्या ओळीखाली तिनं आपल्या सुवाच्य, कॅटलॉगच्या अक्षरात लिहिलं होतं, 'वरील अभिप्राय क्रमांक ११८ यांचा नाही. तो माझा आहे. पुस्तक पूर्ण वाचलेले नव्हते. निरुपमा दिघे, कर्मचारी.'

मल्हारराव डोक्याला हात लावून बसले. "एकोणीस वर्षं, निरुताई! एकोणीस वर्षं तुमच्यावर डोळे झाकून..." सोमवारपासून काउंटर दुसऱ्याकडे, तुम्ही मागे पुस्तकबांधणीच्या खोलीत, एवढंच ते म्हणाले. तिनं मान हलवली. प्रतापसिंह तिच्याजवळ आला, काहीतरी लागट बोलायचं ठरवून आला असावा. "आठ दिवस बायकोपण माझ्याकडे तशीच बघत होती, निरुबेन," एवढंच बोलला आणि गेला. त्याची माफी मागायची राहूनच गेली.

उदयसिंहराव माणसं पांगेपर्यंत थांबले. मग काउंटरपाशी आले.

"नवी नोंदवही काढा."

तिनं काढली. पान उघडलं. एकशे अठरा. कुसुमावती उदयसिंहराव जगदाळे.

"नंबर बंद करा. दीड वर्ष ठेवला, उगीच. वाटायचं, असू दे चालू." त्यांनी नावावर बोट ठेवलं. "आता परत कुणी तिच्या नावानं बोलायला नको."

सभासद गेला की त्याच्या नावावर पट्टी धरून तांबडी रेघ मारायची, अशी तिथली पद्धत. निरुपमानं अशा कितीतरी रेघा मारल्या होत्या, चहा पीत पीतसुद्धा. आज पट्टी जागेवर राहीना. एकदा लावली, घसरली. पुन्हा लावली, पुन्हा घसरली.

उदयसिंहरावांनी टोपी काउंटरवर ठेवली आणि पट्टीचं दुसरं टोक बोटांनी दाबून धरलं.

"मारा," ते म्हणाले.