डाव्या तीन बरगड्या

माझी उत्तरं परस्पर देणाऱ्या माणसांचा मला मनस्वी राग येतो, आणि त्यात पहिला नंबर माझ्या मुलाचा, विश्वजितचा. वडूजच्या चौकात याच्या वाढदिवसाचे फलक लागतात. सांगलीला विश्रामबागेतल्या तपासणी केंद्रातही हा छाती पुढं काढून बसला होता आणि तीस वर्षं शाळेत शिकवलेली मी शेजारी गाठोड्यासारखी.

सहा वर्षांपूर्वी माझ्या स्तनाचा कॅन्सर काढला. आता बरगडी दुखते म्हटल्यावर डॉक्टरांनी सगळ्या अंगाच्या हाडांचं स्कॅन सांगितलं. आजार हाडांत पोचला का, ते बघायचं होतं. घरात मात्र सगळे ‘कॅल्शियमची तपासणी’ म्हणत होते. मला चिठ्ठी वाचता येत नाही की काय?

इंजेक्शनच्या आधी सुमैरा नावाची मुलगी अर्ज भरत होती. "वर्षभरात कुठं पडलात, मार लागला?"

"न्हाई," विश्वजित म्हणाला. "आई घरातच असती."

मी गप्प राहिले. ही माझी चूक. दिवाळीत मित्रांसमोर त्याला दारूवरून बोलले, म्हणून यानं मला ढकललं होतं. मी ओट्याच्या कडेवर आदळले. घरातलं घरात राहावं म्हणून दवाखाना केला नाही, हळद लावून छातीला पट्टा बांधला. विचारलं तर म्हणायचं, उसण भरलीय.

औषध हाडांत भिनायला तीन तास लागले. मग अरुंद फळीवर निजले आणि ते यंत्र डोक्यापासून पायापर्यंत सावकाश सरकत गेलं. मला मरायची भीती वाटत होती. खोटं कशाला बोलू?

दुपारी ‘नातेवाईक या’ अशी हाक आली. मीही उठले.

"तू कशाला? बस की हितं."

"हाडं माझी हायत," मी म्हणाले आणि आत जाऊन खुर्ची ओढली.

डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर माझा सांगाडा दाखवला. मणके, कंबर, मांड्या स्वच्छ. डाव्या तीन बरगड्यांवर मात्र एकाखाली एक काळे ठिपके. "असे ओळीत ठिपके बहुतेक वेळा मार लागल्याचे असतात," त्या म्हणाल्या. "पण अर्जात मार नाही म्हणून लिहिलंय. मग कॅन्सरचा संशय धरावा लागेल. बरगडीचा तुकडा काढून तपासायला लागेल."

मी विश्वजितकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं होतं. ‘पाय घसरून पडली होती’ एवढं खोटं बोलला असता, तरी मी त्याला माफ केलं असतं.

"काढा," तो म्हणाला. "काय करायचं ती करा."

इतके महिने ज्याला पाठीशी घातलं, तो मला कापायला देत होता.

"मॅडम, लिहून घ्या," मी म्हणाले. "दिवाळीत ह्यानं मला ढकललं. ओट्यावर आपटले. ह्याच बाजूला."

"आई, लोकांत काय बोलतीस?"

बाईंनी अर्जावरची ओळ खोडली आणि नवी लिहिली. लगेच एक्स-रे काढला. तिन्ही बरगड्या मोडून सांधत आलेल्या.

"हाडांत कॅन्सर दिसत नाही, आजी."

मला रडू कोसळलं. ते आनंदाचं नव्हतं.

बाहेर तो किल्ली घेऊन उभा होता. "चल. उशीर हुतोय."

"तू हो पुढं," मी म्हणाले. "मी विट्याला गाडी बदलून एस्टीनं येते. घर माझ्या नावावर हाय. मी पोचायच्या आत तू तिथनं निघालेला पायजेस."